कानामागची चकती

कारखान्यातल्या स्फोटानंतर हेमांगी भांडं पडलं तरी दचकायची. छातीत धडधड व्हायची, अन्न जायचं नाही, डोळ्याला डोळा लागायचा नाही. डॉक्टरांनी कानामागे भीती शोषून घेणारी चकती बसवली आणि ती सावरली.

त्या दुपारी तिचा नवरा सुहास घरी आला, तर तीन वर्षांची ओवी गॅलरीच्या कठड्यावर चढून बाहेर वाकली होती. शेजारीच हेमांगी वाटाणे सोलत बसली होती.

सुहासने झेप घेऊन लेकीला खाली ओढलं.

"तुला दिसली नाही ती?"

"दिसली की. पडेल, हेही कळलं. पण उठावंसंच वाटलं नाही."

स्वतःचे शब्द ऐकून हेमांगीने वाटाणे बाजूला ठेवले. मग म्हणाली, "चकती आजच काढू. मला हिच्यासाठी घाबरता आलं पाहिजे."