अर्धी तुला, अर्धी मला

थोरल्या जावेनं फळं कापायच्या सुरीनं गोळीचे दोन तुकडे केले आणि त्यातला मोठा धाकटीच्या हातावर ठेवला. दारात उभ्या असलेल्या डॉक्टरीणबाई लगबगीनं आत आल्या.

वृद्धाश्रमात ज्याला सर्दी होईल त्याला जस्ताच्या चघळायच्या गोळ्या द्यायच्या आणि सर्दी लवकर हटते का ते पाहायचं, असं त्यांचं संशोधन चाललं होतं. निम्म्यांच्या पाकिटात खऱ्या गोळ्या, निम्म्यांच्या पाकिटात तशाच दिसणाऱ्या, पण औषध नसलेल्या. कुणाला कुठल्या मिळाल्या, हे खुद्द डॉक्टरीणबाईंनाही ठाऊक नव्हतं. अख्खा हिवाळा त्यांनी यात घातला होता.

जावांनी मात्र पहिल्याच दिवशी छडा लावला होता. थोरलीची गोळी तोंड वाकडं करणारी, धाकटीची नुसती साखर. दोघी एकाच खोलीत राहणाऱ्या, शिंकायलाही बरोबरच लागलेल्या. लग्न होऊन एका घरात आल्यापासून दोघींनी भांड्यांपासून नवऱ्यांच्या तक्रारींपर्यंत सगळं निम्मं निम्मं केलं होतं, मग औषधाचंच काय एवढं? थोरलीनं हे मोठ्या कौतुकानं सांगितलं. आमचं बघून आता बाकीचेही वाटून घेतात, अशी भरही घातली.

डॉक्टरीणबाई खाटेवर टेकल्या. त्यांना रडू येत होतं आणि मेलं हसूही. गप्प बसलं तर सहज खपून जाण्यासारखं होतं, कागदोपत्री कुठे काही बिघडलेलं नव्हतं. पण आपल्या खोट्या आकड्यांच्या भरवशावर उद्या कुणी औषध घेणार, हे काही त्यांच्या गळी उतरेना. त्या उठल्या. म्हणाल्या, झालं ते रद्द. पुढच्या हिवाळ्यात पहिल्यापासून सुरुवात. खोटी गोळीही तितकीच तुरट करून आणते, म्हणजे कुठली कुणाची ते ओळखताच यायचं नाही.

"आणि आजी, वाटायची नाही."

थोरलीनं विचारलं, "म्हणजे मला खरी आली आणि हिला खोटी, तर मी एकटीनं बरं व्हायचं?"

"हो. नाहीतर या गोळीनं काही होतं की नाही, हे कुणालाच कधी कळायचं नाही."

धाकटी आपली खाटेच्या कडेवर बसून तुकडा चघळत होती. थोरलीनं तिच्याकडे पाहिलं.

"लिही माझं नाव," ती म्हणाली. "पण तेव्हा माझी खाट दुसऱ्या खोलीत टाक, पोरी. ही डोळ्यांसमोर शिंकत असली, तर माझ्याच्यानं राहवायचं नाही."