सरळ उतरा

त्या आडगावच्या धावपट्टीवर उतरण्याआधी छोटं विमान खालून एक फेरी मारायचं. आवाजानं गायी पांगायच्या. आज रखवालदारच रेडिओवर म्हणाला, "फेरी नको, सरळ उतरा. पट्टी मोकळी आहे."

आत त्याची लेक बाळंतकळांनी तळमळत होती. तिलाच न्यायला विमान येत होतं. तो सारखा आत-बाहेर करत होता. पट्टीकडे त्यानं पाहिलंच नव्हतं.

गायीला चुकवताना विमान चरात गेलं. पायलट कपाळावरचं रक्त पुसत रेडिओपाशी आला. पलीकडून साहेब विचारत होते, "फेरी का नाही मारली?"

रखवालदारानं मान खाली घातली.

"माझीच घाई नडली, साहेब," पायलट म्हणाला. "दुसरं विमान पाठवा." मग तो रखवालदाराकडे वळला. "काका, येणारा पायलटही सरळच उतरेल. तेवढ्या गायी हाकला."