छातीवरच्या रेघा

सायखेड्याच्या चिमाजींना फुफ्फुसाचा कॅन्सर निघाला, तोही बराच पुढे गेलेला. नाशिकला केमो आणि रेडिएशनचा शेक सोबतच सुरू झाला. शेक नेमक्या जागी बसावा म्हणून त्यांच्या छातीवर जांभळ्या शाईनं रेघा आखल्या. सगळं त्यांनी निमूट सोसलं, पण बिडी कायमची सोडायची म्हटल्यावर मात्र अडून बसले.

शेवटी बायकोला, भागुबाईंना म्हणाले, "या रेघा हायेत तवर बिडीला हात लावणार नाय. पण पुसल्या, की मंग मला कुणी आडवायचं नाय!"

शेक संपला. मग अंगातलीच ताकद कॅन्सरवर सोडणारं इम्युनोथेरपीचं इंजेक्शन चालू झालं. चिमाजी रोज सकाळी आरशासमोर सदरा वर करून मोठ्या आशेनं बघायचे आणि हिरमुसून चहाला बसायचे.

दोन महिन्यांनी डॉक्टर नवा स्कॅन पाहून खूश झाले. गाठ चांगलीच आक्रसली होती. पण छाती तपासायला गेले, तर चक्रावलेच. "बाबा, शेक संपून इतके दिवस झाले, ही शाई अजून गेली कशी नाही?"

"मीबी तेच म्हणतो!" चिमाजी कळवळून बोलले. "काल साबण लावून खसाखसा घासली, डॉक्टर. झोपून उठलो, तर पुन्हा हाय तशी!"

 

शेजारी बसलेल्या भागुबाईंनी जांभळं झालेलं बोट गुपचूप पदराखाली घेतलं.