तिसरा खांब

रोसालिनाने बाही वर सारली आणि पिंपात कोपरापर्यंत हात घातला.

मिक्सर बंद होता. पुलाच्या कामावरची माणसं फावडी टेकून उभी होती. मुकादम सुतिक्नो जावा बेटावरचा, त्यानेच सकाळी दामियानुसला सांगितलं होतं, "एकदाचं दाखवून टाक त्या बाईला. गावाचं तोंड तरी बंद होईल." पिंपं दामियानुसच्या ताब्यात होती, आणि तो याच खोऱ्यातला होता.

तिने हात बाहेर काढला. दाट, दुधट पाणी मनगटावरून ओघळलं. बोटांना धागे चिकटून राहिले. पेराएवढे लांब, केसासारखे बारीक.

"केसच आहेत," ती म्हणाली.

"मावशी, हे कारखान्यात बनतात. मौमेरेच्या बंदरात उतरतात, तिथून ट्रकने येतात. कोरडे टाकले तर गोळे होतात, म्हणून असे पाण्यात कालवून देतात. काँक्रीटमध्ये पसरले की भेग पडू देत नाहीत, धरून ठेवतात. एवढंच त्यांचं काम."

"एर्नाचे कमरेपर्यंत होते. कापलेत तुम्ही."

"तिचे काळे होते. हे पांढरे आहेत, बघ ना."

"भीतीने पांढरे होतात, दामी."

सव्वा महिन्यापूर्वी इथल्याच उथळ उतारातून चालत नदी ओलांडताना रोसालिनाची मुलगी एर्ना वाहून गेली होती. गावाने सात दिवस दोन्ही काठ धुंडाळले. काही हाती लागलं नाही. आठव्या दिवशी ही पिंपं आली. पूल माणूस मागतो, हे खोऱ्यात लहान पोरालाही ठाऊक असतं. त्यात पिंपाच्या झाकणाखाली काय तरंगतंय हे कुणीतरी गावात जाऊन सांगितलं.

दामियानुसने चिमूटभर धागे उचलले, शर्टाला पुसले, उन्हाने तापलेल्या पत्र्यावर वाळू दिले. मग सुतिक्नोचा लायटर मागून घेतला.

"तुझा एक केस दे, मावशी."

तिने डोक्यातला एक उपटून दिला. त्याने तो ज्योतीवर धरला. केस चुरचुरला, आक्रसला, आणि जळकी घाण सुटली. ती सगळ्यांना ओळखीची होती. मग त्याने धागे धरले. ते वितळले. पत्र्यावर एक कडक मणी उरला. त्याला वास होता तो प्लास्टिकच्या जळक्या पिशवीचा.

रोसालिनाने मणी उचलून नाकापाशी नेला. बराच वेळ हुंगला. नखाने टोचून पाहिला.

"नाहीत तिचे," ती म्हणाली.

सुतिक्नोने सुटकेचा श्वास सोडला. "झालं ना समाधान? आता गावात जाऊन सांगा."

ती गेली नाही. वाळूच्या ढिगाला टेकून बसली आणि नदीकडे बघत राहिली.

"इथं असती तर मेणबत्ती कुठं लावायची ते तरी कळलं असतं," ती म्हणाली. "आता ती कुठंच नाही."

कुणीतरी फावडं उचललं, पुन्हा खाली ठेवलं. तिने विचारलं, "आजचा माल कुठं जाणार?"

"तिसऱ्या खांबात. पायाशी."

तिसरा खांब उताराच्या मधोमध होता. एर्नाचा पाय तिथेच निसटला होता. रोसालिनाने अंबाडा सोडला. अर्धे पिकलेले केस खांद्यावर आले. दामियानुसच्या कमरेचा चाकू तिने न विचारता काढून घेतला, आणि मानेपाशी धरून केसांची पूर्ण बट कापली. मग ती अंगठ्याचं पेर लावून तिचे तुकडे करू लागली.

"काय करतेयस, मावशी?"

"तुझ्या धाग्यांएवढेच कापतेय. गोळा व्हायला नको."

"असलं काही माझ्या मालात जाणार नाही," सुतिक्नो म्हणाला. "दामियानुस, सांग तिला."

दामियानुस तिच्या अंगठ्याकडे बघत राहिला.

"लहान होती तेव्हा माझी वेणी मुठीत धरल्याशिवाय झोपायची नाही," रोसालिना मान वर न करता म्हणाली. "अंधारात नुसत्या हाताने ओळखायची. पाण्यातून चाचपडत आली, तर कुठं थांबायचं ते तिला कळायला नको का?"

सुतिक्नो पुढे आला. त्याने लायटर परत घेतला, लवंगी सिगारेट पेटवली, आणि पाठ करून ट्रककडे चालू लागला. "मी काही बघितलं नाही," तो म्हणाला.

दामियानुसने पिंपातल्या धाग्यांनी भरलेली बादली तिच्यापुढे ठेवली. तिने ओंजळीतले तुकडे त्यात सोडले. त्याने वल्हं घातलं आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ ढवळलं, काळे-करडे आणि पांढरे वेगळे ओळखू येईनात तोवर. मग मिक्सर सुरू केला आणि बादली ओतली.

डिसेंबरात पूर आला. पाच खांब उभे राहिले होते. एकही हलला नाही. माणसं काठावर जमून खूश होत होती. दामियानुस पावसात भिजत तिसऱ्या खांबाकडे बघत होता. गढूळ पाणी तिथपर्यंत धावत यायचं, खांबाला टेकून क्षणभर थबकायचं, मग दोन्ही अंगांनी पुढे जायचं.

"सगळ्याच खांबांपाशी पाणी असं अडतं," मागून सुतिक्नो म्हणाला. "चल, आत ये."

"हो," दामियानुस म्हणाला. पण तो तिथून हलला नाही.