प्रेताचं काम

सोमवारी दुपारच्या खेळाला टॉकीजमध्ये जेमतेम अकरा माणसं होती. मालनबाई मंगळसूत्र मुठीत धरून बसल्या होत्या. गावात चित्रीकरण झालेल्या या सिनेमात त्यांच्या यजमानांना, निवृत्त कंडक्टर वामनरावांना, काम मिळालं होतं ते खून झालेल्या माणसाच्या प्रेताचं.

"उपास आहे माझा. आजच्या दिवशी असलं अभद्र कशाला दाखवता?" त्या हळूच म्हणाल्या.

"अगं, तीन तास चिखलात निपचित पडलो होतो. दिग्दर्शक म्हणाले, काका, अगदी खरे वाटता."

मालनबाईंनी मनातल्या मनात महादेवाला हाक मारली.

सिनेमा काही पुढं सरकेना. इन्स्पेक्टर नुसताच खिडकीतून धुक्याकडे बघत राहिला. पुढच्या रांगेत एकजण घोरायला लागला. अखेर ओढ्याकाठी वामनराव दिसले. डोळे मिटलेले, कपाळावर रक्त. मालनबाईंनी मंगळसूत्र आणखी घट्ट धरलं.

तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "अरे, बॉडीचं पोट हलतंय बघ."

अख्खी टॉकीज हसली. घोरणारासुद्धा जागा झाला. मालनबाईंनी नीट पाहिलं. पोट खरंच वरखाली होत होतं, घरी दुपारी झोपल्यावर होतं तसंच. त्यांची मूठ सुटली.

सिनेमा संपल्यावर वामनराव मान खाली घालून बाहेर आले. "आयुष्यात एक काम मिळालं, तेही नासवलं मी."

"छान झालंय की," म्हणत मालनबाई तिकीटखिडकीकडे वळल्या. "उपास घरी गेल्यावर सोडू. पुढच्या खेळाची दोन काढा."