टायब्रेक नसलेली फायनल

"आउट," सुलू म्हणाली.

हर्षितने रॅकेट मातीत आपटली. "कसला आउट? आत हाय बॉल. खाली उतरून खूण बघा तुमी."

सुलू पंचाच्या उंच खुर्चीवरून उतरली. लाल मातीवर चेंडू टप्प्याची खूण सोडतो. पॅरिसच्या मोठ्या स्पर्धेतही पंच असेच उतरून खूण बघतात, आणि बोईसरच्या या कंपनीच्या कॉलनीतही तीच पद्धत होती. खूण रेषेवर चांगली बोटभर चढलेली होती. बॉल आत होता. म्हणजे हर्षितने फायनल जिंकली होती.

"बाहेर हाय," सुलू म्हणाली आणि तिने बुटाने खूण पुसून टाकली.

इतकी वर्षं पंचगिरी करताना तिने कुणाचा एक पॉइंट खाल्ला नव्हता. कालपासून मात्र जो जिंकायला येईल त्याचा ती खात होती. मग तो हर्षित असो की जितेश. दोघांनाही तिनेच खेळायला शिकवलं होतं.

कुंपणापलीकडे डोझर उभा होता. कंपनीला या टेनिस कोर्टाच्या जागेवर ट्रक उभे करायचे होते. तिच्या आदेशात मेहरबानी एवढीच, की चालू स्पर्धा संपेपर्यंत कोर्टाला हात लावायचा नाही. सुलूकडे दांडी आणि शिरगाव या गावांतल्या पोरी खेळायला यायच्या. त्यांच्या आयांच्या सह्या घेऊन तिने कोर्ट वाचवायला कलेक्टरकडे अर्ज केला होता. त्याची सुनावणी उद्या, मंगळवारी अकरा वाजता पालघरला होती. फायनल आज संपली तर रात्रीतून कोर्ट उखडलं जाणार. मग उद्या सुनावणी कसली, खड्ड्याची?

"पंचबाई, डोळे तपासून घ्या," शैलेश माईकवर ओरडला. लोक हसले.

शैलेश क्लबचा सेक्रेटरी. डोझर आला तोही त्याच्याच सहीने. याच मातीत लोळून मोठा झालेला माणूस, आणि साहेबाने डोळे वटारताच सही देऊन मोकळा. सुलूला त्याचं तोंड बघवत नव्हतं. त्यात त्याला टेनिसच्या विक्रमांचं वेड. हातात माईक आला की समोरच्याचे कान किटेपर्यंत सोडायचा नाही.

"दोन हजार दहा, विम्बल्डन," तो आताही गरजला. "इस्नर आणि माहू. एकच मॅच, तीन दिवस, अकरा तास पाच मिनिटं. शेवटचा सेट सत्तर-अडुसष्ट. बिचारा स्कोअरबोर्डसुद्धा सत्तेचाळीसवर बंद पडला. ती माणसं निदान चांगलं खेळत होती. तुमी दोघं नुसते भांडताय."

डोझरवाला वैतागून आत आला. "साहब, और कितना टाइम? मेरेको दूसरी साइट पे जाना है."

कंपनीचे साहेब खुर्चीतून उठले. "सेक्रेटरी, टायब्रेक घ्या, एकाच गेममध्ये निकाल लावा आणि संपवा. आता चारही मोठ्या स्पर्धांत शेवटच्या सेटला सहा-सहावर टायब्रेक घेतात. मलाही थोडं कळतं."

शैलेशच्या मानेच्या शिरा फुगल्या. "ते हल्लीचं फॅड हाय, साहेब. आमच्या पत्रकात जुना नियम हाय. दोन गेमचा फरक पडला पायजे. मधेच बदलला तर हरणारा माझी गचांडी धरेल."

साहेब चरफडत बसले. विक्रमांच्या वेडापायी का होईना, या माणसाच्या हातून एक काम बरं झालं, असं सुलूला वाटलं. तेवढ्याने तिचा राग उतरला नाही.

शेवटच्या सेटमध्ये जितेश तेवीस-बावीसने पुढे गेला. मग त्यालाही मॅच पॉइंट मिळाला. त्याची सर्विस हर्षितला दिसलीसुद्धा नाही.

"लेट," सुलू म्हणाली. "नेटला लागला."

"नेटला वारा तरी लागला काय?" जितेश धावत आला. मागोमाग हर्षितही आला. काल सकाळपासून एकमेकांशी शब्द न बोललेले दोघे आता खांद्याला खांदा लावून तिच्या खुर्चीखाली उभे राहिले. "सुलूताई, तुमी हाय तरी कुणाच्या बाजूने?"

तिला ओरडून सांगावंसं वाटलं. तिला कंपनीचा राग आला होता, शैलेशचा आला होता, आणि कपापुढे पायाखालची माती न दिसणाऱ्या या दोन गाढवांचाही. ती मान खाली घालून म्हणाली, "पहिली सर्विस परत."

कुणीतरी पाण्याची बाटली फेकली. ती खुर्चीच्या पायावर आदळली.

दिवे आधीच काढून नेले होते. ऊन उतरलं तसा शैलेश माईकवर पुन्हा भडकला, या दोघांनी आजचाही दिवस खाल्ला म्हणून. मग त्याने खेळ थांबवला. "उद्या सकाळी सातला या. आणि जेवूनखाऊन या."

साहेब गाडीत बसण्याआधी सुलूकडे रोखून बघत राहिले. हळूहळू मैदान रिकामं झालं.

शैलेशने माईकची वायर काढली आणि सरळ तिच्याकडे आला. "खाली उतर."

ती उतरली.

"हर्षितचा बॉल आत होता," तो म्हणाला.

"बाहेर होता."

"आत होता. आणि जितेशच्या सर्विसला नेट हललंसुद्धा नाय. मी काय आंधळा हाय?"

दोन दिवसांचा संताप सुलूला आवरला नाही. "हो, खाल्ले पॉइंट. जा, सांग तुझ्या साहेबाला. पोरींना काय तोंड दाखवायचं ते माझं मी बघीन. पण डोझरच्या कागदावर सही करणाऱ्याने मला खरंखोटं शिकवू नये."

शैलेशचा चेहरा लालबुंद झाला.

"सांगायला कशाला पायजे? त्याला संशय आलाच हाय," तो दातओठ खात म्हणाला. "तुला खोटं बोलता येत नाय, सुलू. मान खाली जाते तुझी. उद्या अकरा वाजेपर्यंत खुर्चीत मी बसतो."