काकडीचं ताट

गाजराचे गुलाब. वा. बिटाचं बदक. वा. भाताच्या डोंगरामागून उगवलेला अननसाचा सूर्य. वा, वा.

तज्ज्ञबाई आहारशास्त्र शिकवतात, त्यामुळे सगळ्या ताटांना सारखंच शिकलेलं वा देत पुढे सरकत होत्या. शेवटच्या ताटापाशी थांबल्या. आधी ताटाकडे नाही, मागे उभ्या मुलीच्या मनगटाकडे पाहिलं.

"खात नाहीस का गं काही?"

"काकडी खाते, मॅडम," मागून कुणीतरी म्हणालं. मुली हसल्या. वसतिगृहात तिला त्याच नावाने हाक मारतात.

इथे रस्सा दाट व्हावा म्हणून त्याला कणीक लावतात, आणि चव यावी म्हणून वरून दूध. गहू किंवा दूध पोटात गेलं की काकडीचा पुढचा दिवस संडासात. मग उरतो भात. भात आणि काकडी. मेसचे पैसे मात्र पूर्ण भरावे लागतात, आणि ते भरल्यावर बाहेर काही विकत घेऊन खाण्याची बात सोडा.

आज स्पर्धा होती. समतोल शाकाहारी ताट, सामान मेसच्या कोठीतलंच. पहिलं येईल ते ताट उद्यापासून वर्ष संपेपर्यंत रोज दुपारी सगळ्यांना मिळणार. बाकीच्यांना गंमत. गुलाब कोरायला वेळ होता त्यांच्याकडे. पोट भरलेल्या माणसाला फुलं सुचतात.

काकडीच्या ताटात काहीच उगवलं नव्हतं. भात. पालक घालून मसूर. परतलेला कोबी. भाजलेले शेंगदाणे. लिंबाची फोड, मसुरातलं लोह अंगी लागावं म्हणून. स्वस्त, आणि रोज करता येईल असं.

तज्ज्ञबाईंनी चमच्याच्या टोकाने शेंगदाणे बाजूला सारले, खाली काहीतरी दडवलं असावं तसे.

"दूध-दही कुठाय?"

"पचत नाही, मॅडम."

"ब्रेड?"

"गहूपण नाही चालत."

तज्ज्ञबाई हसल्या. सुई पाठीमागे धरून डॉक्टर लहान मुलाकडे बघून हसतात, तसं. "सवय मोडली की होतं असं. थोडं थोडं सुरू करायचं. पोटाचे फार लाड करू नयेत."

"पण मसूर आणि शेंगदाण्यातून प्रथिनं—"

"मी शिकवते ते, बाळा. ताटात पांढरं काहीतरी लागतं."

"भात पांढराच आहे."

शेजारी उभ्या वसतिगृहाच्या रेक्टरबाईंनी डोळे वटारले. तज्ज्ञबाईंनी मोठेपणाने ऐकलंच नाही असं केलं. सूर्याच्या शेजारची दह्याची वाटी उचलली.

"खरं सांगू? पहिला नंबर मी इथेच देणार होते. एवढंच राहिलंय."

"नको, मॅडम. मग मला ते खाता येणार नाही."

"अगं, स्पर्धा काय तुझ्या एकटीच्या पोटाची आहे?" रेक्टरबाई म्हणाल्या, आणि स्वतःच ब्रेडची एक स्लाइस कुस्करून मसुरावर पसरू लागल्या. काकडीने ताट ओढून घेण्यासाठी हात पुढे केला. तोवर दही ओतून झालं होतं. तज्ज्ञबाईंनी चमचा फिरवला. नीट, तळापर्यंत. कुठे कोरडं राहू नये अशी काळजी घेऊन.

"आता कसं पूर्ण वाटतंय."

पहिला क्रमांक. टाळ्या. बदकवालीनेही वाजवल्या.

"उद्यापासून हेच," रेक्टरबाईंनी आचाऱ्याला सांगितलं. "अस्संच. दही वेगळं ठेवायची भानगड नको, पातेल्यातच मिसळा."

आचाऱ्याने मान हलवली. त्याचं काम वाढलं नव्हतं.

मग फोटो. रेक्टरबाईंनी मोबाइल आडवा धरला. "काकडे... काकडी, ताट हातात घे. एक घास तोंडाशी ने. आणि जरा हस, सुतकात आहेस का?"

काकडीने ताट उचललं. चमचा भरला. आणि तोंडाशी न नेता तज्ज्ञबाईंच्या पुढे धरला.

"पहिला घास तुम्ही घ्या, मॅडम. तुम्ही पूर्ण केलंत."

तज्ज्ञबाई एक पाऊल मागे सरल्या.

"छे गं, मला नको. माझा डबा आहे गाडीत. असं कुठलंही खाल्लं की दोन दिवस पोट धरून बसावं लागतं मला."

रेक्टरबाईंचा मोबाइल खाली आला. चेहरा खराखुरा पडला होता.

"अहो मॅडम, आधी नाही का सांगायचं? तुमच्यासाठी वेगळं केलं असतं."